एक रात्र रुग्णालयात काढली म्हणून दावा मंजूर होत नाही

झोपेच्या चाचणीसाठी रुग्णालयात एक रात्र राहिल्यास विम्याचे पैसे मिळतात, हे एका लेखात वाचलेले विधान दिशाभूल करणारे आहे. इर्डाने, म्हणजे विमा क्षेत्राच्या नियामक संस्थेने, सर्व कंपन्यांसाठी एकसारख्या केलेल्या अपवादांपैकी क्रमांक 4 चा अपवाद मुख्यतः तपासणी व निदानासाठी भरती झालेल्या रुग्णाचा खर्च वगळतो. माझे यजमान फोंड्याहून पणजीला गेले, डोक्याला तारा, छातीला पट्टा आणि नाकाखाली नळी लावून रात्री नऊ ते सकाळी सहापर्यंत झोपले (त्याला झोप म्हणायचे असेल तर), आणि तासाला 38 वेळा श्वास अडखळतो असा अहवाल घेऊन परतले. झोपेत श्वास अडखळण्याच्या या आजाराला स्लीप अॅप्निया म्हणतात; तासाला 30 वेळांपासून पुढे तो तीव्र मानतात. तरीही विमा कंपनीचे उत्तर दोन ओळींचे होते : केवळ तपासणीसाठी दाखल, दावा अमान्य.

गंमत अशी की, याच अपवादांच्या यादीत लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेला काही अटींवर मान्यता आहे, आणि बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) 35 ते 40 च्या दरम्यान असल्यास ज्या गंभीर सहव्याधी ग्राह्य धरल्या जातात, त्यांत तीव्र स्लीप अॅप्नियाही आहे. तो सिद्ध करणाऱ्या चाचणीचा खर्च मात्र रुग्णाच्याच खिशातून!