माळ गुंडाळली म्हणून झाड रात्री ऑक्सिजन देत नाही

सोमवारी रात्री साडेअकराला आत्याचा फोन आला. धाप लागलेली, एक वाक्य पुरं होत नव्हतं. मी पुण्यातच सहकारनगरला तिच्याकडे पोचेपर्यंत शेजारच्या काकूंनी तिला दम्याचा पंप दिला होता, म्हणून निभावलं. खोलीत गेले तर तिचा पलंग नेहमीच्या जागी नव्हता. डिसेंबरचा गारठा, खिडकी सताड उघडी, आणि पलंग थेट खिडकीला चिकटवलेला. बाहेर हाताच्या अंतरावर सोसायटीचं बुचाचं झाड, बुंध्यापासून फांद्यांपर्यंत पांढऱ्या लाइटच्या माळांनी करकचून गुंडाळलेलं. दिवाळीला लावलेल्या माळा कुणी काढल्याच नव्हत्या. रात्रीचा पंप तिने नऊ दिवस घेतला नव्हता. "अगं, झाड आता रात्रभर ऑक्सिजन देतंय ना," म्हणाली, आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: झाडाला एलईडी माळा लावल्या की झाड रात्रीही ऑक्सिजन तयार करतं, पिंपळासारखं चोवीस तास. दमेकऱ्यांनी अशा झाडाजवळ झोपावं, औषध आपोआप सुटतं. शेतकरी रात्री शेतात बल्ब लावतात ते उगाच नाही. शिवाय डास पळतात, साप फिरकत नाहीत, चोऱ्या थांबतात. एलईडी असल्यामुळे पर्यावरणाला शून्य त्रास. शेवटी हात जोडलेले आणि 'किमान दहा जणांना पाठवा'. सोसायटीच्या ग्रुपवर तो कमिटीतल्याच एकाने टाकला होता आणि त्याच्या जोरावर माळा वर्षभर ठेवायचं घाटत होतं.

मी वीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आहे. सातवीतलं पोर परीक्षेत हे लिहितं तर मी त्याला जवळ बसवून समजावलं असतं. इथे मोठी माणसं माझ्या आत्याचा पंप सोडवायला निघाली आहेत, म्हणून आधी दम्याचंच बोलते.

दमा हवेत ऑक्सिजन कमी असल्यामुळे होत नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. दिवसा तेवढाच, रात्री तेवढाच, झाडाखाली तेवढाच आणि स्वारगेटच्या चौकातही तेवढाच. झाडाखाली जो फरक पडतो तो आपल्या फुप्फुसांना कळण्याइतका नसतो. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज येते आणि त्या आकसतात. हवा बाहेर भरपूर असते, आत-बाहेर जायला वाट उरत नाही. रोजचा पंप ती सूज आटोक्यात ठेवतो. तो बंद केला की पहिले दोन-चार दिवस काही होत नाही, माणसाला वाटतं उपाय लागू पडला, आणि मग एका रात्री सगळं एकदम अंगावर येतं. त्यात गार हवा थेट नाकातोंडावर घेतली तर आकसलेल्या नळ्या आणखी आकसतात. आत्याच्या बाबतीत नेमकं हेच झालं. हा मेसेज लिहिणाऱ्याला दम्याचा 'द' कळत नाही, आणि ती एक ओळ कुणाच्या तरी जिवावर उठू शकते.

आता झाडाचं. पानाला अन्न करायला उजेड लागतो, आणि किती लागतो याला हिशेब आहे. भर दुपारचं ऊन साधारण एक लाख लक्स (उजेड मोजायचं माप) असतं. पान दिवसरात्र श्वासही घेत असतं, म्हणजे ऑक्सिजन वापरत असतं. वापरलेला ऑक्सिजन भरून निघण्याइतकं काम व्हायलाच बहुतेक झाडांच्या पानांना काही शे ते हजारभर लक्स लागतात. त्याच्या वर गेलं तर शिल्लक. मी मंगळवारी संध्याकाळी त्या बुचाच्या खालच्या फांदीजवळ मोबाइलवरचं लक्समीटर धरलं. माळेतल्या दिव्यापासून वीतभर अंतरावर आकडा तिशीच्या पुढे जाईना. मोबाइलचं मोजमाप ढोबळ असतं, दुप्पट धरा, तिप्पट धरा, तरी हिशेब तोट्यातच. रात्री झाड ऑक्सिजन घेत होतं, माळा लावल्यावरही घेतंच आहे.

पिंपळाचा दाखलाही तसाच पोकळ. पाण्याचे रेणू फोडून ऑक्सिजन सुटतो तो फक्त उजेडात. कोरफड, निवडुंगासारख्या काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतात, पण त्याही ऑक्सिजन सोडतात दिवसाच. पिंपळाखाली बसावं, सावली फार छान असते. रात्रीच्या ऑक्सिजनसाठी बसू नये.

शेतकरी बल्ब लावतात हे मात्र खरं आहे, आणि मेसेजातलं एवढं एकच अर्धसत्य मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. शेवंती करणाऱ्यांच्या शेतात रात्री ओळीने बल्ब पेटलेले दिसतात. पण ते झाडाला अन्न मिळावं म्हणून नसतात. शेवंतीला फुलायला लांब रात्र लागते. झाडं रात्र मोजतात. पानात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, त्याला तांबड्या उजेडाची थोडीशी तिरीप पुरते. मध्यरात्री दोन-चार तास बल्ब लावला की शेवंतीला वाटतं रात्र लहान आहे, अजून फुलायची वेळ झाली नाही, आणि ती नुसती वाढत राहते. बाजार कधी गाठायचा ते ठरवून शेतकरी बल्ब बंद करतो, मग कळ्या धरतात. ड्रॅगन फ्रूटवाले बल्ब लावतात ते उलट कारणासाठी, हंगाम नसताना फूल यावं म्हणून.

म्हणजे शेतकऱ्याच्या बल्बने सिद्ध काय होतं? ज्या उजेडात पान पोटापुरतंही कमवू शकत नाही, तेवढ्याच उजेडाने झाडाचं ऋतूंचं गणित बिघडतं. शेतकरी ते जाणूनबुजून, मोजून, ठरलेले दिवस करतो आणि थांबवतो. आपण दिवाळीला माळ लावतो आणि विसरून जातो. ब्रिटनमध्ये झाडांच्या नोंदी तपासल्या तेव्हा रात्री जास्त उजेड असलेल्या भागांत पालवी साडेसात दिवसांपर्यंत लवकर फुटताना दिसली. आपली झाडं वेगळी, हवामान वेगळं, तो आकडा इथे चिकटवणार नाही. पण रात्र मोजणारी यंत्रणा तिथल्या झाडांत आहे आणि इथल्याही.

बुचाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पुण्यात वाढलेल्या प्रत्येकाला बूच माहीत आहे. शाळेत जाताना रस्त्यावर पडलेली लांब दांड्याची पांढरी फुलं वेचून, एकात एक गुंफून आम्ही वेण्या करायचो. मला ती वेणी आत्यानेच शिकवली. ते फूल रात्री उमलतं, पांढरं असतं, वास दूरवर जातो आणि मध त्या लांब नळीच्या तळाशी असतो. हे सगळं हॉकमॉथ कुळातल्या मोठ्या पतंगांसाठी. त्यांची सोंड तेवढी लांब असते, ते अंधारात फुलासमोर तरंगत मध पितात. मंगळवारी रात्री मी तासभर त्या झाडाखाली उभी होते. एक मोठा करडा पतंग आला. फुलांचे घोस अगदी डोक्यावर होते, पण तो माळेभोवती फिरत राहिला, फांदीवर आपटला, पुन्हा फिरला, शेवटी खाली पडून फरशीवर गरगरला. सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशींनी सुपलीत फुलांबरोबर मेलेले पतंग आणि पाकोळ्या दाखवल्या. "रोजच असत्यात ताई," म्हणाल्या.

पतंग दिव्यावर भाळत नाही. उडताना तो पाठ आकाशाच्या उजेडाकडे ठेवून तोल सांभाळतो. दिवा जवळ आला की पाठ दिव्याकडे वळते आणि तो त्या घेऱ्यात अडकतो. याचा फुलांवर काय परिणाम होतो ते स्वित्झर्लंडमध्ये नीट मोजलं गेलं. २०१७ साली 'नेचर'मध्ये ते संशोधन आलं. पूर्वी कधी उजेड नसलेल्या कुरणांत त्यांनी रस्त्यावरचे एलईडी दिवे उभे केले आणि शेजारची कुरणं अंधारीच ठेवली. दिव्याखालच्या फुलांवर रात्रीच्या कीटकांच्या भेटी ६२ टक्क्यांनी घटल्या. ज्या काटेरी रोपावर त्यांनी मुख्य लक्ष ठेवलं त्याची फळधारणा १३ टक्क्यांनी कमी झाली, आणि तीही दिवसा मधमाश्या, माश्या भरपूर येत असताना. रात्री बुडालेलं काम दिवसाने भरून काढलं नाही. 'पर्यावरणाला शून्य त्रास' म्हणणाऱ्याने निदान हा एक आकडा खोडून दाखवावा.

एलईडी वीज कमी खातो हे खरं, आणि तो फारसा तापत नाही म्हणून पान करपत नाही हेही खरं. पण स्वस्त पडतो म्हणूनच तर तो रात्रभर चालू राहतो. आणि बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या माळांत निळा उजेड जास्त असतो, जो आकाशात जास्त पसरतो आणि कीटकांना जास्त खेचतो. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटरची दुर्बीण संस्थेच्या आवारात, गणेशखिंडीत नाही, जुन्नरजवळ गिरवलीला आहे, पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर. अंधारं आकाश हवं तर एवढं लांब जावं लागतं. काजवे बघायला आपण जूनमध्ये राजमाचीला का जातो, तेही एकदा आठवून पाहा.

डासांचं वाचून तर मला संतापच आला. डेंगी पसरवणारा एडिस डास मुळात दिवसा चावतो. २०२० मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेत पाहिलं गेलं की रात्री उजेड ठेवला तर तो रात्रीही जास्त चावतो. दरवर्षी पावसाळ्यात डेंगीने हैराण होणाऱ्या शहरात 'दिव्याने डास पळतात' हे पाठवायचं? कुंडीखालच्या ताटल्या रिकाम्या करा, त्याने डास कमी होतील.

सापांचं काय, उजेडाने किडे जमतात, किड्यांमागे बेडूक आणि पाली येतात. साप दूर राहण्याचं त्यात काहीच नाही. चोऱ्यांचं एवढंच म्हणते की जिना, गेट आणि पार्किंगमध्ये दिवा हवाच. रात्री उशिरा कामावरून येणाऱ्या मुलींसाठी तर हवाच हवा, त्याबद्दल माझा वाद नाही. पण तो दिवा खाली जमिनीवर पडणारा हवा. झाडावर चमकणाऱ्या माळेने पायरी दिसत नाही, उलट डोळे दिपतात आणि मागचा अंधार आणखी गडद वाटतो.

माळेने झाडाला थेट इजाही होते. शेजारच्या विंगसमोरच्या झाडावर तीन वर्षांपूर्वीची तार आहे. खोड जाड होत गेलं, तार तेवढीच राहिली, आता एका ठिकाणी ती सालीत रुतून दिसेनाशी झाली आहे. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातूनच खाली मुळांकडे जातं, आणि तार तीच वाट आवळते. दुसऱ्या फांदीवर तार पकडायला खिळे ठोकलेत. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांसाठी झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ पासून आहे, आणि झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. २०२४ मध्ये झाडांवरच्या रोषणाईविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे आली, त्यानंतर मुंबई महापालिकेने झाडांवरचे दिवे उतरवायला घेतले. आपल्या कमिटीने नोटिशीची वाट पाहू नये.

रविवारी मीटिंग आहे. बुचावरच्या माळा आणि खिळे हातांनी, तार न ओढता काढावेत, गेटच्या दिव्याला वरून झाकण आणि पिवळा बल्ब लावावा, असं लेखी देणार आहे. रुतलेली तार उपटायची नाही, सालीबाहेरची तेवढी कापायची.

आत्याचा पलंग जागेवर आला. पंप परत सुरू झाला आहे, डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी बोलावलंय. तिने तो मेसेज अकरा जणांना पाठवला होता. नुसतं 'खोटं आहे' असं लिहून भागणार नाही, म्हणाली, आणि यादी काढून एकेकाला स्वतः फोन करायला बसली. काल रात्रीपर्यंत सात झाले. चौघे उचलत नाहीत. त्यातल्या सांगलीच्या वन्संना दमा आहे.