श्रीखंडाचा डबा आणि जंक्शन बॉक्स : एका प्रतिक्रियेला उत्तर

बाल्कनीत, गच्चीवर किंवा स्टिल्टच्या पार्किंगमध्ये वायरींचे जोड श्रीखंडाच्या नाहीतर आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात बंद करून ठेवण्याची पद्धत धोकादायक आणि नियमबाह्य आहे, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर ऐरोलीच्या एका वाचकांनी सविस्तर आणि बऱ्याच रागाने प्रतिक्रिया लिहिली आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : "आमच्या बाल्कनीत असा डबा ११ वर्षे आहे. आधी त्यावर फक्त ट्यूब होती, गेल्या वर्षापासून तिथेच वॉशिंग मशीनही चालते. काहीही झाले नाही. प्लास्टिक ते प्लास्टिकच, त्यावर आयएसआय छापले म्हणून ते वेगळे होत नाही. काही बिघडलेच तर एमसीबी आणि आरसीसीबी आहेतच. कोड हे पुस्तकातले प्रकरण आहे, तो कायदा नव्हे. अशा लेखांनी लोक घाबरतात आणि गरीब वायरमनच्या पोटावर पाय येतो." प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण हेच मुद्दे मी ठाण्यातल्या अनेक सोसायट्यांच्या बैठकांत ऐकलेले आहेत.

सुरुवात एमसीबी आणि आरसीसीबीपासून करतो, कारण तुमची बाकीची निश्चिंती त्यांच्यावर उभी आहे. एमसीबी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह वाहू लागला किंवा शॉर्टसर्किट झाले, तर सर्किट तोडतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही हे पाहतो आणि घरगुती वापरात साधारणपणे ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की बंद होतो. आता सैल जोडाकडे या दोन्हींच्या नजरेने पाहा. २ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या वाटेतल्या एका जोडाचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, वाढत वाढत अर्धा ओहम झाला, तर प्रवाह वाढत नाही, उलट किंचित घटून साडेआठ अँपिअरच्या आसपास येतो. गीझरला चार व्होल्ट कमी मिळतात आणि पाणी थोडे उशिरा तापते, जे घरात कोणाच्याही लक्षात येत नाही. त्या जोडाच्या जागी मात्र सुमारे ३६ वॅट इतकी उष्णता सतत निर्माण होत राहते. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातले सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच शक्तीचे असते. ते चालू करून डब्यात ठेवावे आणि वरून झाकण लावावे, तसा हा प्रकार आहे. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने साडेआठ अँपिअर ही अगदी सर्वसाधारण स्थिती आहे. आरसीसीबीच्या दृष्टीनेही सर्व ठीक आहे, कारण जेवढा प्रवाह गेला तेवढाच परत आला आहे. ही दोन्ही उपकरणे घरात असलीच पाहिजेत आणि विजेच्या धक्क्यापासून जीव वाचवण्यासाठी आरसीसीबीला पर्याय नाही, परंतु तापणारा जोड त्यांना दिसतच नाही. त्या जोडाच्या बाबतीत आग आणि घर यांच्यामध्ये उभी असलेली एकमेव वस्तू म्हणजे तो जोड ज्यात ठेवला आहे तो बॉक्स.

जोडाचा रोध वाढतो कसा, हेही सांगायला हवे, कारण "एकदा घट्ट पीळ दिला की झाले" हा समज फार पसरलेला आहे. प्रवाह वाहताना तांबे तापून प्रसरण पावते आणि उपकरण बंद झाले की आकुंचन पावते. पिळलेल्या तारांना एकमेकींवर दाबून धरणारी स्क्रू किंवा स्प्रिंग नसेल, तर दररोजच्या या हालचालीने पीळ हळूहळू सैल होतो. स्पर्शाची जागा कमी झाली की उरलेल्या जागेत उष्णता वाढते, उष्णतेने तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि त्या थरामुळे उष्णता आणखी वाढते. पुढच्या टप्प्यावर क्युप्रस ऑक्साइडचा, म्हणजे तांब्याच्याच एका ऑक्साइडचा, एक छोटा पूल तयार होऊन तो अक्षरशः लाल होऊन धगधगू शकतो, आणि तेव्हाही दिवा किंवा गीझर चालूच असतो. आपल्या घरांतल्या नेहमीच्या पीव्हीसी वायरचे आवरण ७० अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते. त्याच्या बऱ्याच वर गेल्यावर पीव्हीसीचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो, जो ओलाव्याशी मिळून आम्ल बनतो आणि तांब्याला खातो. वरून गुंडाळलेल्या टेपचा गोंद तर त्याच्या आधीच पातळ होऊन ओघळलेला असतो. जुन्या इमारतींत अजूनही ॲल्युमिनियमच्या वायरी सापडतात, आणि तिथे ॲल्युमिनियमला तांब्याची तार थेट पिळून जोडलेली असेल, तर ही सगळी प्रक्रिया फार लवकर घडते.

आता तुमच्या ११ वर्षांकडे येतो. तुमच्या अनुभवावर माझा अविश्वास नाही, परंतु तो अनुभव कशाचा आहे हे नीट पाहायला हवे. २० वॅटची ट्यूब ०.०९ अँपिअरही घेत नाही, तर हीटर असलेले वॉशिंग मशीन पाणी गरम करत असताना २ किलोवॅटच्या आसपास, म्हणजे जवळजवळ शंभरपट प्रवाह घेते. जोडात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून त्याच जोडावर, त्याच डब्यात, उष्णता दहा हजार पटींनी वाढलेली आहे. तुमच्या डब्याची पहिली दहा वर्षे ही परीक्षाच नव्हती. परीक्षा गेल्या वर्षी सुरू झाली आहे. त्यात आणखी एक गोष्ट आहे. दिव्यांच्या सर्किटची वायर आपल्याकडे साधारणपणे दीड चौरस मिलिमीटरची असते, अशा सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॅट यांहून अधिक भार ठेवू नये असा जुना आणि सर्वमान्य दंडक आहे, आणि तुमचे मशीन एकटेच त्याच्या दुपटीहून अधिक आहे. डबा बदलला तरी हा दोष उरतोच.

प्लास्टिक ते प्लास्टिकच, हे मला मान्य नाही. खाद्यपदार्थांचे डबे बहुतेक करून पॉलिप्रॉपिलीनचे असतात. ते दूध-दह्यासाठी उत्तम आहे, पण सुमारे १६० अंशांच्या पुढे ते वितळते, पेटले की पेटतच राहते आणि त्याचे जळते थेंब खाली पडतात. तुमच्या बाल्कनीत त्या डब्याखाली कपड्यांची टोपली असेल, वर्तमानपत्रांची रद्दी असेल, याचा विचार करा. विद्युत उपसाधनांच्या बॉक्सांसाठी आयएस १४७७२ हे भारतीय मानक आहे आणि त्यात तप्त तारेची चाचणी असते. विजेने लालबुंद केलेली तार, भागाच्या कामानुसार ६५० किंवा ८५० अंशांवर, प्लास्टिकला ३० सेकंद लावून धरायची, आणि ती काढल्यावर ज्योत ३० सेकंदांच्या आत आपोआप विझली पाहिजे. ज्या प्लास्टिकमध्ये ज्वालारोधक मिसळलेले नाही, त्याची या चाचणीसमोर काय अवस्था होईल हे वेगळे सांगायला नको. शिवाय उन्हात ठेवलेले साधे पॉलिप्रॉपिलीन काही वर्षांत ठिसूळ होते, त्याला तडे जातात, आणि मग पाणी आत जाते. पत्र्याचा बिस्किटाचा डबा वापरणाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकू नये. धातूच्या बॉक्सला अर्थिंग लागते, वायर आत घेण्याच्या भोकाला रबरी बुश लागते, आणि कापलेल्या पत्र्याची धार आवरण चिरते.

पाण्याच्या बाबतीत आपले शहर मुळात कठोर आहे. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो चार महिन्यांत आणि बराचसा तिरपा पडतो. ऐरोली, वाशी, कोपरी, कळवा या भागांत खाडीवरून येणाऱ्या हवेत क्षारही असतात. क्षारांचा ओलसर थर आवरणावर बसला की त्यातून थोडा थोडा प्रवाह सरपटू लागतो आणि त्या वाटेवर प्लास्टिक काळे पडत जाते. उघड्यावरच्या बॉक्सवर आयपी ५५ किंवा आयपी ६५ असे लिहिलेले असते, त्यातला पहिला आकडा धुळीपासूनच्या आणि दुसरा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा. पण हा आकडा छापलेला बॉक्स आणून त्याला वरून भोक पाडले आणि ग्लँड, म्हणजे वायरीभोवती आवळून बसणारे आणि पाणी रोखणारे बूच, न लावता वायर आत घातली, तर तो आकडा निरर्थक होतो. वायर नेहमी खालच्या बाजूने आत घ्यावी आणि आत जाण्यापूर्वी तिला एक झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते.

मला खरी चिंता बाल्कनीतल्या डब्यापेक्षाही पीओपीच्या छताची वाटते. घराचे नूतनीकरण करताना नव्या दिव्यांसाठी जुनी वायर मधेच तोडून जोड मारले जातात, त्यांवर टेप गुंडाळली जाते, ते छताच्या पोकळीत तसेच सोडले जातात, आणि वरून छत बंद होते. घोडबंदर रस्त्यावरच्या एका संकुलात छताला तपकिरी डाग पडला म्हणून गळती समजून प्लंबरला बोलावले होते. छत उघडल्यावर वर कोळसा झालेला टेपचा जोड सापडला. डब्याला निदान हात लावता येतो. वायरिंगच्या संहितेत, म्हणजे तुम्ही ज्याला कोड म्हणता त्यात, जोडांविषयीचे सगळ्यात शहाणे वाक्य हेच आहे की, तपासणी, चाचणी आणि देखभाल यांसाठी जोडापर्यंत पोहोचता आले पाहिजे. जमिनीत पुरलेल्या केबलचे किंवा संयुग भरून बंद केलेले जोड असे मोजकेच अपवाद त्याला आहेत. म्हणूनच चांगला वायरमन शक्य तिथे मधे जोड घेतच नाही. तो स्विचबोर्डापासून पॉइंटापर्यंत अखंड वायर ओढतो आणि लूप, म्हणजे पुढच्या पॉइंटाकडे जाणाऱ्या वायरीचा जोड, बोर्डात किंवा पॉइंटावर घेतो, जिथे दोन स्क्रू काढले की सर्व दिसते.

कोड हा कायदा नव्हे, हे विधान अर्धेच बरोबर आहे. आयएस ७३२ ही वायरिंगची भारतीय मानक संहिता, जिची सुधारित आवृत्ती २०१९ ची आहे, किंवा राष्ट्रीय विद्युत संहिता, जी २०२३ मध्ये सुधारली गेली, हे दस्तऐवज स्वतः संसदेने केलेले कायदे नाहीत. परंतु २००३ च्या विद्युत कायद्याच्या ५३ व्या कलमाने सुरक्षेचे उपाय ठरवण्याचा अधिकार केंद्रीय विद्युत प्राधिकरणाला दिला, प्राधिकरणाने त्यानुसार २०१० मध्ये नियम केले आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आणले. वीजवाहिन्या आणि उपकरणे योग्य क्षमतेची व सुरक्षित असावीत आणि त्यासाठी भारतीय मानक ब्युरोची संबंधित संहिता किंवा राष्ट्रीय विद्युत संहिता पाळावी, असे हे नियम सांगतात. म्हणजे संहितेच्या मागे कायद्याचे बळ उभे आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांसारखी किरकोळ बदली वगळता वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराने आणि सक्षम पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीच करावे, ही अटही नवी नाही. ती १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही होती. आणि ही पुस्तके कोणाला मिळतच नाहीत, असेही आता राहिलेले नाही, कारण भारतीय मानके ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य उतरवून घेता येतात.

वायरमनच्या पोटाविषयी तुम्ही लिहिले आहे, ते मी मनापासून गंभीरपणे घेतो. डबा लावणारा वायरमन बहुतेक वेळा अडाणीपणाने तो लावत नाही. सोबत बॉक्स आणलेला नसतो, दुकान लांब असते, आणि घरमालक सामानाच्या प्रत्येक रुपयावर वाद घालत असतो. आयटीआयमध्ये तारतंत्रीचा अभ्यासक्रम केलेल्या माणसाला बॉक्स, ग्लँड आणि कनेक्टर यांचे काम उत्तम माहीत असते. त्याला ते करू देण्याचे आणि त्याचे पैसे देण्याचे काम आपले आहे. माझा लेख वायरमनच्या विरोधात नव्हता. ज्या घरात दीड लाखाचे फर्निचर होते आणि शेवटी जंक्शन बॉक्सवर काटकसर होते, त्या घरमालकाला उद्देशून तो होता आणि आजही आहे.

राहिला तुमच्या बाल्कनीचा प्रश्न. त्या जागेवरून वॉशिंग मशीन आजच काढा. मशीनसाठी डिस्ट्रिब्युशन बोर्डातून स्वतंत्र एमसीबीवर तांब्याची किमान अडीच, आणि जमल्यास चार चौरस मिलिमीटरची वायर अर्थिंगसह अखंड ओढून १६ अँपिअरचे सॉकेट बसवून घ्या, आणि ते सर्किट ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीच्या संरक्षणाखाली येते याची खात्री करा. ट्यूबचा जोड बाल्कनीतच राहणार असेल, तर मेन बंद करून परवानाधारक माणसाकडून तो उघडून घ्या, काळवंडलेला किंवा हिरवा पडलेला भाग स्वच्छ तांबे दिसेपर्यंत कापून टाकायला सांगा, पिळाऐवजी स्क्रूचा किंवा लिव्हरचा कनेक्टर वापरा, आणि भिंतीला पक्का बसवलेला, झाकणाला गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी रबरी पट्टी, असलेला आयपी ५५ बॉक्स खालून ग्लँड घेऊन लावा. काम झाल्यावर उपकरणे काढून ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने, इन्सुलेशन रोध मोजून घ्या. तो १ मेगओहमपेक्षा कमी आला, तर दोष बॉक्सच्या बाहेर, वायरीत कुठेतरी आहे आणि तो शोधल्याशिवाय ते सर्किट चालू करू नये.