‘पेराल तेच उगवेल’ या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

पेशीपटलातले, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणातले लिपिड (डोकं नि शेपट्या असलेले चरबीचे रेणू) कसे वागतात, हे संगणकातल्या सिम्युलेशनमधून, म्हणजे रेणूंच्या हालचालींच्या गणिती नकलेतून, कळतं असं मी लिहिलं होतं. ते तुम्हाला पटलं नाही. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: संगणकात पेराल तेच उगवेल, रंगीत मण्यांचं चित्र म्हणजे पुरावा नव्हे, कारण सूक्ष्मदर्शकातून ते कुणी पाहिलेलं नाही, आणि खानापूर-बेळगावच्या पोरांना हे ‘कशाला शिकवालायसा?’

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी वाद घालणार. पेरतात काय, ते बघा. ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या मारिंक यांच्या गटाच्या ‘मार्टिनी’ प्रारूपात साधारण चार जड (हायड्रोजन सोडून बाकीच्या) अणूंचा एक मणी धरतात. कुठले मणी एकमेकांना जोडलेले आहेत आणि कुठला मणी कुठल्याला किती ओढतो नि किती ढकलतो, एवढंच संगणकाला ठाऊक असतं. शंभर-सव्वाशे लिपिड पाण्यात कसेही विस्कटून टाका. डोकी पाण्याकडे, शेपट्या आत, असा दुहेरी थर आपोआप जुळतो. ‘थर कर’ अशी सूचना कुठल्याही ओळीत नसते.

त्याहून बोलकं उदाहरण २०१४ चं. त्या वेळी ६३ प्रकारचे सुमारे २० हजार लिपिड घेऊन सस्तन प्राण्याच्या पेशीपटलाचं सिम्युलेशन ४० मायक्रोसेकंद चालवलं गेलं. सायमन्स आणि इकोनेन यांनी १९९७ साली लिपिड तराफ्यांची, म्हणजे पटलात काही लिपिड एकत्र येऊन तरंगतात अशी, कल्पना मांडल्यापासून पुष्कळांच्या मनात समुद्रात तरंगणाऱ्या टिकाऊ तराफ्यांचं चित्र होतं. मनातलंच उगवायचं असतं तर तसे तराफे दिसायला हवे होते. दिसले ते घट्ट रचनेचे इवलेसे पट्टे, मायक्रोसेकंदांत जुळणारे आणि विरणारे. बाहेरच्या थरात गँग्लिओसाइड या प्रकारच्या लिपिडांची छोटी टोळकी झाली, आतल्या थरात फॉस्फोइनोसिटाइड या दुसऱ्या प्रकारच्या लिपिडांची, आणि कोलेस्टेरॉल बाहेरच्या थरात थोडं जास्त जमलं.

तुमचा आक्षेप खरा बोचतो तो वेगळ्या जागी. २००८ मध्ये तीन लिपिडांचं मिश्रण आपोआप दोन भागांत वेगळं होतं, असं याच प्रारूपाने दाखवलं. पण त्यासाठी निवडलेल्या असंतृप्त लिपिडाच्या प्रत्येक शेपटीत दोन दुहेरी बंध होते. अशा वाकड्या शेपट्या सरळ शेपट्यांशेजारी नीट बसत नाहीत. म्हणजे फारकत लवकर व्हावी असाच गडी निवडला. जुन्या मार्टिनीत प्रथिनं एकमेकांना गरजेपेक्षा जास्त चिकटायची, ते २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत बरंच सुधारलं. असं काही लपवून चित्रं छापणाऱ्यांवर तुम्ही जरूर तुटून पडा.

आता सूक्ष्मदर्शक. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं दिसत नाही, मग तो बेळगावचा असो की जर्मनीचा. कृत्रिम पटलांच्या मोठ्या फुग्यांवर मात्र वेगळे झालेले पट्टे फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकातून चक्क दिसतात. जिवंत पेशीत श्टेफान हेल या शास्त्रज्ञांच्या गटाने २००९ मध्ये स्टेड तंत्राने (२०० नॅनोमीटरच्या मर्यादेखालचं दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शनाने) मोजलं, तेव्हा स्फिंगोलिपिड या प्रकारचे लिपिड २० नॅनोमीटरपेक्षा लहान जागेत सुमारे १० मिलिसेकंद अडकून राहत होते. हा काळ त्या ४० मायक्रोसेकंदांच्या २५० पट. त्यामुळे जिवंत पेशीतला असा अडकाव किती टिकतो, हे त्या सिम्युलेशनला विचारूच नये. कोण कुणाच्या शेजारी बसतं, हे विचारावं.

राहिला आपल्या पोरांचा प्रश्न. लाखोंचा सूक्ष्मदर्शक कॉलेजात कधी येईल ते येवो. अशी सिम्युलेशनं चालवणारं ग्रोमॅक्स हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मार्टिनीच्या फायलीही. शंभरभर लिपिडांचा थर साध्या डेस्कटॉपवर जुळताना बघता येतो. माझ्या मराठी नि कन्नड माध्यमांतून आलेल्या पोरांना त्यात सर्वांत जास्त अडतं ते लिनक्सच्या कमांड लिहिताना. पावसाळ्यात खानापूरकडे लाइट जाते, हे तुम्ही म्हणालाच असता. ग्रोमॅक्स दर पंधरा मिनिटांनी चेकपॉइंट फाइल, म्हणजे तोवरच्या कामाची नोंद, लिहून ठेवतं. लाइट आली की तिथून पुढे चालू करायचं. एखाद्या शनिवारी टिळकवाडीत या, पोरंच तुम्हाला चालवून दाखवतील.