ज्ञान वगैरे नंतर, आधी वेटेज बघा

कॉलेजच्या पहिल्या वर्षात पाऊल ठेवलेल्या होतकरूंनो, अभिनंदन. तुमच्यातले काही जण इथे शिकायला आले असतील. घाबरू नका, पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला की तो ताप उतरेल.

तोवर सीनियर या नात्याने चार गोष्टी सांगतो. निमित्त असं की परवा आम्हाला वर्गात एक भाषण ऐकावं लागलं. विषय: तुमच्या पिढीत जिज्ञासाच उरलेली नाही, तुम्ही फक्त मार्कांसाठी अभ्यास करता. भाषण संपल्यावर एका मुलीने धड्याच्या थोडं पुढचं काही विचारलं. 'ते सिलॅबसला नाही,' असं उत्तर आलं आणि हजेरीचा कागद फिरला. हजेरीला पाच मार्क आहेत.

तर, सुरुवात पुस्तकापासून करू नका, मार्कांच्या वाटणीपासून करा. लेखी ६० आणि इंटरनल ४० असेल तर ६० मिळवावे लागतात, ४० फक्त सांभाळावे लागतात. जर्नल तारखेला द्या, समास आखा, फाइल सांगितलेल्या रंगाचीच आणा. आत काय लिहिलंय ते तुम्ही वाचलं नाही तरी चालतं. तपासणाऱ्यानेही कुठे वाचलेलं असतं?

इलेक्टिव्ह निवडताना विषयाचं नाव वाचू नका. शिकवणार कोण आणि त्यांचा हात किती सैल, एवढंच विचारा.

ग्रुप प्रोजेक्टमध्ये, जो खरंच काम करतो त्याच्या ग्रुपमध्ये असा. तो तुम्ही असू नका.

तीन चाचण्यांपैकी चांगल्या दोन धरणार, असा उदार नियम असेल तर पहिल्या दोन जीव तोडून द्या आणि तिसरीला नुसती सही करून या. तिसऱ्या चाचणीची प्रकरणं वर्गातल्या हुशार मुलांना जन्मभर अनोळखी राहतात. ती असतात विषयाच्या शेवटची, म्हणजे आधीच्या सगळ्याचा उपयोग कुठे होतो ते सांगणारी. असो, मार्क तर गेले नाहीत!

ग्रेडच्या पायऱ्या तोंडपाठ हव्यात. ७० ते ७९ला एकच ग्रेड असेल तर सत्तरी गाठल्यावर केलेला अभ्यास ही शुद्ध उधळपट्टी. तो वेळ ६८वर अडकलेल्या विषयाकडे वळवा. मात्र ७९ पडले तर लाज सोडून केबिनच्या दारात उभे राहा. 'माझं कुठे चुकलं?' असं विचारू नका, त्यात वेळ जातो. 'कुठे वाढतील?' असं विचारा.

पेपर हातात आला की आकडा बघा, शेरा वाचू नका. रूथ बटलर या संशोधिकेने मुलांच्या एका गटाला नुसते शेरे, दुसऱ्याला नुसते मार्क आणि तिसऱ्याला दोन्ही देऊन पाहिलं होतं. १९८८ साली छापलेला तिचा अभ्यास सांगतो की नुसते शेरे मिळालेली मुलं कामातही पुढे गेली आणि त्यांची गोडीही टिकली. दोन्ही मिळालेल्यांचं मात्र नुसत्या मार्कवाल्यांसारखंच झालं. शेजारी आकडा असला की शेरा वाया जातो. आमच्याकडे ती भीती नाही. शेरा नसतोच.

आता रिलेटिव्ह ग्रेडिंग. इथे तुम्हाला किती येतं याला किंमत नाही, शेजारच्याला तुमच्यापेक्षा किती कमी येतं याला आहे. वर्गात ६० जण आणि सर्वोच्च ग्रेड वरच्या दहा टक्क्यांना, म्हणजे जागा सहा. तुम्ही सातवे असाल तर रस्ते दोन: स्वतः वर चढा किंवा वरच्या कुणाला तरी खाली आणा. दुसऱ्यात श्रम कमी. नोट्स देऊ नका. द्यायची वेळ आलीच तर मधलं एखादं पान विसरा. मित्र शंका घेऊन आला तर 'मलाही नाही रे कळलं' म्हणा. हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये. परीक्षेच्या आदल्या रात्री ग्रुपवर विचारलेली शंका वाचून गप्प बसणारे आणि सकाळी त्याच प्रश्नाचं पानभर उत्तर लिहून येणारे माझे चांगले मित्र आहेत, आणि त्यांच्यावर चिडायलाही जमत नाही. सगळा वर्ग उत्तम शिकला, ही गोष्ट या पद्धतीला मान्यच नाही. सगळ्यांना ८०च्या वर पडले तरी ८१वाला तळाला. आणि वर्षभर कुणी काही शिकवलंच नाही तरी वरच्या सहा जणांना सर्वोच्च ग्रेड मिळतेच, तेव्हा शिकवणाऱ्याला जाब विचारायची सोय नाही. कुणाच्या फायद्याची आहे ही पद्धत? अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने २००४ मध्ये 'ए' गटातल्या ग्रेड ३५ टक्क्यांच्या आत ठेवायचं ठरवलं. पोरांनी तो कोटाच मानला, आणि २०१४ मध्ये विद्यापीठाला ते गुंडाळावं लागलं.

याला सगळ्यात झकास उत्तर दिलं २०१२ मध्ये अमेरिकेतल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या पोरांनी. तिथल्या एका प्राध्यापकांचा नियम असा की वर्गातला सर्वाधिक स्कोअर म्हणजे शंभर टक्के, बाकीचे त्या प्रमाणात. पोरांनी हिशेब मांडला: पेपर कुणीच दिला नाही तर सर्वाधिक स्कोअर शून्य, म्हणजे सगळेच पहिले! परीक्षेच्या दिवशी सगळे हॉलबाहेर उभे, कुणी आत शिरतंय का यावर डोळा ठेवून. एकही जण गेला नाही. प्राध्यापकांनी शब्द पाळून सगळ्यांना 'ए' दिली आणि मग नियम बदलला. तुम्ही हे करायला जाऊ नका, आपल्याकडे एक जण हमखास आत जाईल. मी तर त्याचं नावही सांगू शकतो.

मागच्या पाच वर्षांचे पेपर मिळवा. उरलेलं ऑप्शनला टाका.

बास. जिज्ञासा मेली म्हणून रडणाऱ्यांनो, मारली कुणी ती? हजेरीला मार्क आम्ही लावले का? ८१ मार्कवाल्याला तळाला आम्ही बसवला? पोरं मूर्ख नसतात. तुम्ही जे मोजता तेच ती करतात, आणि तुम्ही समास मोजता. उपाय ठाऊक नाहीत असंही नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित विद्यापीठात पहिल्या सेमिस्टरला ग्रेड लागतच नाही. पास झालात तर पास, नाही झालात तर त्या विषयाची बाहेर नोंदच जात नाही, म्हणून पोरं बिनधास्त अवघड विषय घेऊन बघतात. एमआयटी काही बुडाली नाही. तुमच्याकडून तेवढी अपेक्षाही नाही. चुकलेली असाइनमेंट सुधारून पुन्हा देऊ द्या. मार्क कशाला देणार आणि कशाला कापणार, ते काम देतानाच लिहून द्या. तिसऱ्या चाचणीचा भाग शेवटच्या पेपरात विचारा. यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत. आणि दरवर्षी तेच प्रश्न आकडे बदलून टाकणं आधी थांबवा. पाच वर्षांचे पेपर पाठ करून पास होता येतं, ते तुम्ही नवा प्रश्न काढायचे कष्ट घेत नाही म्हणून. आमच्या अभ्यासाबद्दल बोलण्याआधी तेवढा अभ्यास तुम्ही करा.