निनावी यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : एसी खोली, ब्रेक ऑइल आणि पसरणी घाट

नमस्कार. खासगी गाड्यांची पाच वर्षांनंतर दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी व्हावी, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय : "एसी खोलीत बसून सल्ले देणं सोप्पं असतं, ज्यांनी कधी स्टेपनी बदलली नाही त्यांनी आम्हाला सेफ्टी शिकवू नये. आधी खड्डे बुजवा. तपासणी म्हणजे एजंटांना नवं कुरण, पीयूसी कसं मिळतं ते सगळ्यांना माहितीय. टेक्सासनेसुद्धा बंद केली."

आधी एक कबूल करतो. पंधरा वर्षांनंतरच्या री-रजिस्ट्रेशनची फी मी ६०० रुपये लिहिली होती, चारचाकीची ती एप्रिल २०२२ पासून ५००० झालीय. ते दुरुस्त केलंय, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

आता स्टेपनीचं. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपात फिटर होते, एकोणतीस वर्षं. रात्रपाळी करून आले की रॉकेलने हात धुवायचे, तरी नखांतलं ग्रीस जायचं नाही, त्याच हातांनी आम्हाला चहा गाळून द्यायचे. स्टेपनी बदलायला मी सातवीत शिकलो, त्यांनी जॅक हातात दिला आणि बाजूला उभे राहिले. तेव्हा कोणाला काय येतं हे माहीत नसताना असं लिहू नये, इतकंच म्हणतो. मतभेद असू द्या ना, पण माणसाच्या अंगावर कशाला जायचं?

आणि हा लेख एसीत सुचलेला नाही. २०१४ च्या मे महिन्यात पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरत होतो, गाडी नऊ वर्षांची, एका डीलरकडून सेकंडहँड घेतलेली, मागे बायको आणि चार वर्षांची मुलगी. निम्मा घाट उतरलो आणि एका वळणावर ब्रेक पेडल थेट तळाला गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तळाला. सेकंड टाकला, मग फर्स्ट, इंजिन किंचाळत होतं, हँडब्रेक ओढत ओढत गाडी डोंगराच्या बाजूला कच्च्यात घातली आणि कशीबशी थांबली. मुलगी झोपेत होती, तिला आजही काही आठवत नाही, मला मात्र तो पाय तळाला टेकल्याचा भास अजून होतो.

गंमत नाही सांगत, अर्ध्या तासाने पेडल पुन्हा घट्ट लागलं. वाईच्या फिटरने निपल सैल करून बाटलीत ब्रेक ऑइल काढलं तर कोऱ्या चहासारखं काळं. म्हणाला, दादा हे कंपनीतून आलंय तेच असणार. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, मग तुम्ही दाबता ती वाफ दाबली जाते, ब्रेक लागतच नाही. काम किती रुपयांचं? शे-पाचशेचं. आणि त्या दिवशी माझे सगळे कागद चालू होते हो, इन्शुरन्स चालू, पीयूसी चालू, आरसी पंधरा वर्षांची. कायद्याने माझ्या गाडीचा धूर तपासला होता, ब्रेक कोणी बघितलाच नव्हता!

हाच माझ्या लेखाचा मुद्दा होता आणि तो तुम्ही वाचलाच नाहीत असं मला वाटतं. तीच गाडी, तेच मॉडेल, पिवळी नंबरप्लेट लावली की पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी पासिंगला न्यावी लागते आणि पुढे दरवर्षी. पांढरी प्लेट असली की पंधरा वर्षं कोणी विचारत नाही. टॅक्सी जास्त पळते, मान्य, पण ब्रेक ऑइलला प्लेटचा रंग कळत नाही, उभ्या गाडीतही ते ओलावा पितच असतं.

खड्ड्यांबद्दल वेगळं लिहीन, तो विषयच वेगळा आहे. एजंटांचं म्हणाल तर एजंट लायसन्सलाही आहेत, म्हणून लायसन्स बंद करा असं कोणी म्हणत नाही. टेक्सासने २०२५ पासून खासगी गाड्यांची सेफ्टी तपासणी बंद केली हे खरंय, पण ब्रिटनमध्ये ती १९६० पासून चालू आहे आणि तीन वर्षांच्या गाडीपासून दरवर्षी होते, जर्मनीत पहिली तीन वर्षांनी मग दर दोन वर्षांनी. एक टेक्सास दाखवून विषय संपत नाही.

यापुढे मत मांडायचं तर जरूर मांडा, पण नाव लिहून आणि नीट भाषेत. आणि एक विनंती, आज खाली पार्किंगमध्ये जा, टायरच्या कडेला डीओटी लिहिलेलं असतं तिथले शेवटचे चार आकडे वाचा. २४१३ असेल तर तो २०१३ सालच्या चोविसाव्या आठवड्यात बनलेला टायर आहे. चारही टायर बघा, स्टेपनीसुद्धा, आणि काय निघालं ते इथे लिहा.