खुलासा : नळीवर नक्षी दिसली म्हणून बंदूक मौल्यवान ठरत नाही

‘आजोबांच्या दुनळी बंदुकीच्या नळीवर लाटांसारखी नक्षी असेल तर ती दमास्कस पोलादाची, म्हणजे अतिशय दुर्मीळ,’ असा संदेश सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, गजाभोवती गुंडाळून एकजीव केल्या की तशी नक्षी उमटते; अशाच नळ्यांना दमास्कस म्हणतात. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या लिएज परिसरात अशा नळ्या ढिगाने बनत. साध्या पोलादावर नुसती नक्षी उमटवलेल्या नकलाही भरपूर आहेत.

वर कोरलेल्या नावावरही जाऊ नका. नामांकित कारागिरांशी मिळतीजुळती नावं स्वस्त बंदुकांवर सर्रास टाकली जात. खरी ओळख नळीच्या खालच्या बाजूला असते. आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करा, मग जाणकाराकडून नळ्या सोडवून चाचणीचे शिक्के (नळी बाराचा दाब सोसते का हे तपासून मारलेले) पाहा. लंबगोलात ‘ईएलजी’ अक्षरं म्हणजे लिएज; त्यावर मुकुट असेल तर शिक्का १८९३ किंवा त्यानंतरचा. ‘नॉट फॉर बॉल’ (म्हणजे एकसंध गोळीसाठी नाही) हा इंग्लंडमधला शिक्का १८७५ ते १८८७ या काळातला. आकडा १२ दिसला तर ते वर्ष नव्हे, बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप आहे (ही गफलत फार होते).

किंमत ठरते ती कारागीर, मूळ अवस्था आणि नळीच्या आतल्या स्थितीवरून. म्हणून घासूनपुसून चकचकीत करू नका. मूळ रंग गेला की भावही उतरतो. आणि अशा नळीत आजचं काडतूस घालून ‘चालते का’ हे मुळीच बघू नका, नळी फुटू शकते.