बाँडवर सही केली की हक्क संपला? कुणी सांगितलं?

"मशीनमध्ये हात गेला तर काय मिळतं, खरं जाणून घ्या" म्हणून एक लांबलचक मेसेज आठवडाभर बेळगावच्या ग्रुपांवर फिरालाय. मी सोडून दिला असता, पण काल तो आत्तीनं पाठवला आणि खाली विचारलं, "मग सही करू दे काय रे त्याला?" तिचा पोरगा २८ वर्षांचा, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आठ माणसांच्या शॉपवर पॉवर प्रेसला होता, उजव्या हाताची दोन बोटं गेली. मालक चाळीस हजार द्यालाय, पण स्टँपपेपरवर "माझी काही तक्रार नाही" लिहून दिलं तरच.

मेसेज म्हणतो, बाँडवर सही झाली की विषय संपला. डोकं फिरतं हे वाचून. कर्मचारी भरपाई कायदा १९२३, कलम १७ वाचा: भरपाईचा हक्क सोडणारा किंवा कमी करणारा कुठलाही करार तेवढ्यापुरता रद्दबातल. स्टँप पाचशेचा असू दे नाहीतर हजाराचा. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, पण ही गोष्ट तिथंही तशीच आहे. तडजोड होतच नाही असं नाही, पण ती भरपाईचे दावे बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे नोंदवावी लागते आणि रक्कम कमी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. मालकाच्या टेबलावर, दोन साक्षीदार त्याचेच, ही तडजोड नव्हे.

आणि चाळीस हजार कुठून आले? हिशेब करा की. पगार १४,०००, त्याचे ६० टक्के ८,४००. त्याला कायद्यात वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकानं गुणा, २८ वर्षांचा गुणक २११.७९. एका हाताची दोन बोटं म्हणजे कायद्याच्या अपंगत्वाच्या तक्त्यात त्यातले २० टक्के. होतात साडेतीन लाखांच्या वर. दवाखान्याचा खर्च वेगळा.

मेसेज पुढं म्हणतो, "चूक कामगाराची असेल तर काही नाही". अर्धं खरं, मान्य. दारू पिऊन काम केलं किंवा गार्ड, म्हणजे मशीनचं संरक्षक कव्हर, मुद्दाम काढला तर मालक सुटू शकतो, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तेव्हाही नाही. नुसता निष्काळजीपणा यात बसत नाही. आणि गार्ड काढतं कोण हो? पीस निघेनात म्हणून सुपरवायझरच काढायला लावतो, हे उद्यमबाग ते मच्छे कुणालाही विचारा.

"कॉन्ट्रॅक्टवाल्यांना नाही" हे साफ खोटं, मूळ मालक जबाबदार, त्यानं मग ठेकेदाराकडून वसूल करावं.

"ईएसआय सहा महिने भरल्याशिवाय नाही" म्हणतात. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, हा घोळ त्यातल्या आजारपणाच्या भत्त्यावरून झालाय, कामावरच्या अपघाताला तशी अट नाही. पण जिथं ईएसआय लागू आहे तिथं त्याच अपघाताची भरपाई मालकाकडून परत मागता येत नाही, एवढं लक्षात ठेवा. आमच्या पोराच्या शॉपला ईएसआय नाही.

शेवटचं, "केस कन्नडमध्ये चालते, मराठी माणसाचं कोण ऐकणार". कागद कन्नडमध्ये येतात, त्रास होतो, खरंय, मलाही होतो. पण दोन बोटांचे २० टक्के भाषा बघून ठरत नाहीत, आणि अर्ज करायला अपघातापासून दोन वर्षं आहेत.

आत्तीला सांगितलंय, सही करू देऊ नको, मालक घरी आला तर चहा दे, आणि त्या स्टँपपेपरचा फोटो काढून मला पाठव.